आजोबांच्या सोन्याच्या घड्याळाला चावी देण्यापूर्वी

जुन्या कपाटातून किंवा बँकेच्या लॉकरमधून सोन्याचे खिशातले घड्याळ निघाले की घरात दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी ते कानाशी धरून चावी देऊ लागते आणि दुसरे कोणी सराफाकडून वजन करून आणायची घाई करते. दोन्ही गोष्टी काही दिवस थांबवा, ही माझी पहिली विनंती. चावी दिल्याने यंत्राचे नुकसान होऊ शकते आणि नुसत्या वजनावर मोल ठरवले तर शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारी मुशीत जाते. सोने वितळवून पुन्हा दागिना घडवता येतो. त्या झाकणाच्या आत बसलेले यंत्र मात्र पुन्हा कोणी घडवून देणार नाही.

आपल्याकडच्या घरांत सापडणारी अशी घड्याळे मुख्यतः स्वित्झर्लंड, इंग्लंड आणि अमेरिका या देशांत बनलेली असतात. फावर-ल्युबा या स्विस घराण्याने १८६५ मध्ये मुंबईत व्यापार सुरू केला. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८०च्या दशकात मुंबईतच उभी राहिली आणि स्वित्झर्लंडहून माल आणून विकू लागली. त्या काळच्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, पेढीवाल्यांच्या छायाचित्रांत कोटाच्या काजापासून खिशात गेलेली साखळी दिसते, तिच्या टोकाला हेच घड्याळ असे. तबकडीवर मुंबई-कलकत्त्याच्या दुकानाचे नाव असेल तर ते बहुधा विकणाऱ्याचे. बनवणाऱ्याचे नाव शोधायला आत जावे लागते.

चावी का देऊ नये?

घड्याळ बंद पडले की घरोघरी एकच निदान होते: ‘जास्त चावी बसली.’ हा समज इतका पक्का आहे की काही दुकानदारही तेच सांगतात. पण चावी पूर्ण भरल्याने चांगले घड्याळ बंद पडत नाही, कारण ते पूर्ण चावीवर चालण्यासाठीच बनवलेले असते. चावी भरलेली आहे आणि घड्याळ चालत नाही याचा अर्थ शक्ती आहे, पण ती शेवटच्या चाकापर्यंत पोचत नाही. कारण बहुतेक वेळा तेल. त्या काळी घड्याळात वनस्पतींचे किंवा प्राण्यांचे तेल घालत. अमेरिकेत तर पॉरपॉइज या समुद्री प्राण्याच्या जबड्यातून काढलेले तेल यासाठी सर्वांत उत्तम मानले जाई. अशी तेले वर्षांनुवर्षे पडून राहिली की आधी चिकट होतात, मग वाळून खळीसारखी घट्ट बसतात आणि धूळ धरून ठेवतात. अशा यंत्राला जोर लावून चालवले तर ती धूळ धुऱ्यांच्या टोकांना घासत राहते. ही टोके केसाइतकी बारीक असतात.

दुसरा धोका कमानीचा. चावीने गुंडाळली जाणारी जुनी मुख्य कमान निळसर पोलादाची असे. गंजाचा एक ठिपका पडला असेल तरी ती चावी देतानाच तुटते आणि तुटताना बसलेल्या झटक्याने शेजारच्या चाकाचे दातही मोडतात.

म्हणून चावी न देता फक्त एवढी तपासणी करा. घड्याळ तळहातावर आडवे धरा आणि तबकडीच्या पातळीतच मनगट हलकेच डावी-उजवीकडे वळवा. आतले झुलणारे बॅलन्सचे चाक मोकळे असेल तर टिक-टिक ऐकू येईल आणि काही सेकंदांनी थांबेल. हे चांगले लक्षण आहे. काहीच आवाज नाही, किंवा सैल खुळखुळ येते, तर बॅलन्सचा धुरा मोडलेला असण्याची शक्यता मोठी. आधीच कोणी शेंडीचे बटण फिरवले असेल आणि कसलाच विरोध न जाणवता ते नुसतेच गोल फिरले असेल, तर बहुधा कमान तुटलेली आहे. यापुढचे काम घड्याळजींचे.

घरगुती तेल, शिवणयंत्राचे तेल किंवा गंज सोडवणारा फवारा यांचा एक थेंबही आत सोडू नका. घड्याळाला किती तेल लागते ते पाहिले तर आश्चर्य वाटते. सुईच्या टोकावर राहील एवढा थेंब एका टोकाला पुरतो.

झाकण कसे उघडावे?

टेबलावर जाड सुती कापड पसरा, पंखा बंद करा आणि घड्याळ कापडापासून चार बोटांपेक्षा उंच उचलू नका. या घड्याळांत धक्का सोसणारी व्यवस्था नसते. ती १९३०च्या दशकापासून मनगटी घड्याळांत रुळली. मांडीच्या उंचीवरून फरशीवर पडलेले घड्याळसुद्धा बॅलन्सचा धुरा मोडून घेते.

मागच्या झाकणाची कड बोटाने चाचपा. कुठेतरी नखाला लागेल अशी बारीकशी ओठासारखी कड असेल तर झाकण बिजागरीचे आहे. नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उचला. चाकूचे पाते घालू नका, १८ कॅरटचे सोने मऊ असते आणि ओरखडा कायमचा राहतो. कड कुठेच सापडत नसेल तर झाकण आट्याचे असू शकते. तळहात दाबून धरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. अमेरिकन घड्याळांत असे बरेचदा आढळते.

सोन्याच्या बिजागरी झाकणाखाली बहुतेकदा आणखी एक झाकण असते. त्याला फ्रेंचमध्ये क्युव्हेत म्हणतात आणि घड्याळाच्या धंद्यात हाच शब्द रूढ आहे. स्विस घड्याळाच्या क्युव्हेतवर बारीक अक्षरांत बरेच काही कोरलेले असते. ते नीट वाचा. ए, एन, सी, आर, ई ही अक्षरे असलेला शब्द दिसला तर आत लिव्हरची रचना आहे. सी, वाय, एल ने सुरू होणारा शब्द असेल तर सिलिंडरची. या दोन रचनांत काय फरक आहे ते पुढे येईलच. ‘रुबी’ या शब्दाआधीचा आकडा ज्युवेलांचा, म्हणजे यंत्रात बसवलेल्या माणकाच्या खड्यांचा. पदकांची चित्रे पाहून मात्र हुरळून जाऊ नका. ती पदके कारखान्याला प्रदर्शनांत मिळालेली असतात, तुमच्या हातातल्या घड्याळाला मिळालेली नसतात.

समोरच्या काचेवरही सोन्याचे झाकण असेल तर त्या घड्याळाला हंटर म्हणतात. बटण दाबले की ते टपकन उघडते आणि बहुतेक लोक ते तसेच टपकन दाबून बंद करतात. तसे करू नका. बंद करताना बटण दाबून धरा, झाकण बसवा, मग बटण सोडा. नाहीतर आतली पोलादी खुंटी सोन्याची कड रोज थोडी थोडी खात जाते आणि काही वर्षांनी झाकण बसतच नाही. जुन्या हंटर घड्याळांपैकी कितीतरी याच एका सवयीने ढिली झालेली दिसतात.

क्युव्हेतला एक किंवा दोन गोल भोके असतील तर ते सुट्या किल्लीचे घड्याळ आहे. एका भोकातून चावी द्यायची, दुसऱ्यातून काटे फिरवायचे. काही घड्याळांत काटे फिरवायची चौकोनी खुंटी समोर, काट्यांच्या मधोमध असते. किल्ल्या वेगवेगळ्या मापाच्या येतात. सैल किल्ली चौकोनाचे कोपरे गोल करून टाकते, म्हणून जुळणारीच वापरा. इंग्रजी घड्याळांत चावी उलट्या दिशेने द्यावी लागणे हे सर्रास आढळते. एका बाजूने अडले तर जोर लावू नका.

शेंडीच्या बटणाने चावी देण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आली. आद्रियां फिलिप या फ्रेंच कारागिराने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे पाटेक फिलिप या नावातला ‘फिलिप’ तो हाच. तरीही काटे फिरवण्याच्या तऱ्हा बराच काळ निराळ्या राहिल्या. बटणाशेजारी नखाने दाबायची छोटी खुंटी असेल तर ती दाबून धरून बटण फिरवावे लागते. अमेरिकेतल्या रेल्वेच्या घड्याळांत काचेची कडी सोडवून तबकडीच्या काठाशी दडलेला एक पातळ दांडा बाहेर ओढावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस बटण खेचून पाहतो आणि काहीतरी मोडून बसतो.

हा दडवलेला दांडा का ठेवला, यामागे एक अपघात आहे. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टन येथे टपालगाडी आणि प्रवासी गाडी समोरासमोर धडकल्या. एका इंजिनचालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे चौकशीत पुढे आले. त्यानंतर वेब बॉल या क्लीव्हलंडच्या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांच्या तपासणीचे काम दिले गेले. पुढच्या काळात तिथे नियम घट्ट झाले: तबकडी उघडी आणि ठळक आकड्यांची हवी, किमान १७ ज्युवेल हवे, घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेले हवे आणि आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक चालणार नाही. खिशातून काढताना बटण चुकून ओढले जाऊन वेळ बदलू नये, म्हणून तो दांडा. तुमच्या घरात वॉल्थम, एल्जिन किंवा हॅमिल्टन या अमेरिकन कंपन्यांचे असे घड्याळ असेल तर त्याचे आवरण सोन्याचे आहे की नाही ही दुय्यम गोष्ट आहे.

आत काय चालते?

यंत्र उघडे झाले की आधी काही वेळ नुसते बघा. बोट लावू नका. हाताच्या घामाने पोलादावर काही दिवसांत गंजाचे ठसे उमटतात.

चावी देताना आपण एक लांब पोलादी पट्टी गुंडाळत असतो. ही मुख्य कमान एका चपट्या डबीत बसलेली असते. तिला बॅरल म्हणतात आणि बॅरलच्या कडेला दात असतात. कमान उलगडू पाहते, बॅरल सावकाश फिरू लागते आणि एकामागून एक चाके फिरवते. मधले चाक तासाला एक फेरा घेते, मिनिटकाटा त्याच्यावर. चौथे चाक मिनिटाला एक फेरा घेते, छोटा सेकंदकाटा त्याच्यावर. वाटेत प्रत्येक ठिकाणी वेग वाढतो आणि जोर कमी होतो. शेवटच्या चाकाला एस्केप व्हील म्हणतात. त्याला साधारणपणे १५ दात असतात. बॅरलला ज्या एका फेरीला काही तास लागतात, ती हे चाक सहा सेकंदांत पुरी करते.

मोकळे सोडले तर कमान क्षणार्धात सारी शक्ती उधळून टाकेल. तिला मोजून-मापून सोडणे हेच घड्याळाचे खरे काम, आणि ते दोन भाग मिळून करतात: बॅलन्सचे चाक आणि एस्केपमेंट.

बॅलन्सचे चाक गोल फिरत नाही, पुढे-मागे झुलते. त्याच्या मधोमध केसासारखी बारीक गुंडाळलेली हेअरस्प्रिंग असते. चाक एका बाजूला गेले की ती त्याला परत खेचते, ते तोल ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते, पुन्हा परत. १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने हेअरस्प्रिंग असलेल्या घड्याळाची रचना प्रसिद्ध केली. त्याआधीची खिशातली घड्याळे दिवसाला अर्धा-अर्धा तास चुकत, नंतरची काही मिनिटांवर आली. या स्प्रिंगचा मोठा गुण असा, की झुलणे लहान असो वा मोठे, एका हेलकाव्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो. सकाळी भरलेली चावी रात्री उतरत आली तरी वेळ फारसा ढळत नाही तो यामुळे.

पण हवेच्या आणि घर्षणाच्या विरोधाने हे झुलणे लवकरच थांबले असते. झोपाळ्यावरच्या मुलाला दर फेरीला योग्य क्षणी हलकासा धक्का द्यावा, तसा धक्का बॅलन्सला एस्केपमेंट देते. लिव्हरच्या रचनेत एस्केप व्हील आणि बॅलन्स यांच्यामध्ये जहाजाच्या नांगराच्या आकाराचा छोटा दांडा असतो, त्याच्या दोन टोकांना दोन माणकाचे खडे. एस्केप व्हीलचा दात एका खड्यावर अडून बसलेला असतो. बॅलन्स झुलत येते, त्याच्या खालची माणकाची खुंटी दांड्याच्या खाचेत शिरून त्याला सरकवते, खडा बाजूला होतो आणि दात सुटतो. सुटताना तो खड्याच्या उतरत्या बाजूवरून घसरत दांड्याला रेटा देतो. तो रेटा खुंटीमार्फत बॅलन्सला मिळतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा खडा पुढच्या दाताला अडवतो. कानाला ऐकू येणारी टिक ही प्रामुख्याने या आघातांची.

एका दाताला दोन टिका, १५ दातांना ३०. सहा सेकंदांत ३० म्हणजे सेकंदाला पाच. तासाला १८ हजार आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. अनेक जुनी इंग्रजी घड्याळे यापेक्षा थोडी संथ चालतात. आता विचार करा: प्रत्येक हेलकावा दहा हजारांत एक भाग जरी लांबला तरी घड्याळ दिवसाला साडेआठ सेकंद मागे पडते. नव्वद वर्षांपूर्वीचे एखादे यंत्र स्वच्छ करून जुळवल्यावर दिवसाला वीस-तीस सेकंदांत राहते, तेव्हा त्या हाताने घासून बसवलेल्या भागांत किती अचूकपणा होता ते उमगते.

लिव्हरची कल्पना लंडनच्या टॉमस मज याची, १७५५च्या सुमाराची. तिचा मोठा फायदा हा की धक्क्याचा क्षण सोडला तर बॅलन्स अगदी मोकळे झुलते. सिलिंडर ही त्याहून आधीची रचना, जॉर्ज ग्रॅहॅमने १७२६ च्या सुमारास रूढ केलेली. तिथे मधला दांडा नसतो. एस्केप व्हीलचे दात बॅलन्सच्या पोकळ धुऱ्यालाच घासत राहतात. बायकांची छोटी, नक्षीची सोन्याची स्विस घड्याळे बहुधा याच जातीची असतात. ती दिसायला देखणी असतात, पण झिजलेला सिलिंडर बदलून देणारा कारागीर मिळणे कठीण. असे घड्याळ दागिना म्हणून जपावे, रोज वेळ पाहायला वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहूनही जुने, जाडजूड घड्याळ मिळाले आणि आत शंकूच्या आकाराचा भाग व त्यावर सायकलच्या साखळीसारखी पण दोऱ्याइतकी बारीक साखळी दिसली, तर त्याला हात न लावता झाकण बंद करा. या शंकूला फ्युझी म्हणतात. कमान पूर्ण भरलेली असताना साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते आणि उतरत आल्यावर रुंद तळाला, त्यामुळे जोर दिवसभर सारखा राहतो. इंग्लंडमधल्या क्राइस्टचर्च या गावी बायका आणि मुली डोळे फोडून या साखळ्या जोडत. ही साखळी ताणलेली असताना यंत्राचा एकही स्क्रू सोडवायचा नसतो.

ज्युवेल म्हणजे दागिन्यातली रत्ने नव्हेत. धुऱ्याची पोलादी टोके पितळेच्या भोकांत घासून भोके लांबट होतात, म्हणून तिथे माणकाचा कठीण, गुळगुळीत खडा बसवतात. खडे भोकवून बसवण्याच्या या युक्तीचे पेटंट १७०४ मध्ये लंडनला दिले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे खडे कृत्रिम माणकाचे होऊ लागले. विकायला गेलात तर त्यांची किंमत शून्य. पण संख्येवरून दर्जा कळतो. सात ज्युवेल असतील तर पाच बॅलन्सकडे आणि दोन लिव्हरच्या टोकांना. पंधरा असतील तर पुढची तीन चाके-धुरे आणि लिव्हरचा धुरा यांतल्या चार धुऱ्यांची दोन्ही टोके खड्यांत. सतरा असतील तर मधले चाकही. पंधरा-सतरा ज्युवेलांचे लिव्हर घड्याळ दुरुस्तीवर खर्च करण्याजोगे असते.

बॅलन्सच्या कडेला छोटे स्क्रू आणि दोन ठिकाणी काप दिसला तर ते उष्णतेची भरपाई करणारे चाक आहे. कडा आतून पोलादाची, बाहेरून पितळेची. उन्हाळ्यात हेअरस्प्रिंग सैलावते आणि घड्याळ मागे पडू पाहते, पण त्याच वेळी पितळ जास्त प्रसरण पावून कडेची मोकळी टोके आत वळवते आणि चाकाचा वेग सावरते. हे चाक बोटाने जरासे दाबले तरी वाकते, आणि वाकले की सारे जुळवलेले बिघडते.

सोने खरे का?

सोन्याच्या रंगाचे प्रत्येक घड्याळ सोन्याचे नसते. अमेरिकन आवरणावर ‘वीस वर्षांची हमी’ किंवा ‘पंचवीस वर्षांची हमी’ असा मजकूर असेल तर तो घड्याळ चालण्याविषयी नाही. पितळेवर चढवलेला सोन्याचा पत्रा तेवढी वर्षे झिजणार नाही, एवढेच ते वचन. १९२४ नंतर तिथे वर्षांचा असा शिक्का मारणे बंद झाले. झाकणाच्या कडा, बिजागरी आणि वरची कडी भिंगातून पाहा. पत्रा झिजला असेल तर तिथे पिवळे-तांबूस पितळ डोकावते.

खऱ्या सोन्यावर छाप असतो. इंग्लंडमध्ये तपासलेल्या आवरणात मुकुट आणि १८ चा आकडा असेल तर ते १८ कॅरट. ९ सोबत .३७५ असेल तर ९ कॅरट. शेजारी शहराचे चिन्ह असते: लंडनचे बिबट्याचे तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर, चेस्टरच्या गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार. आणखी एक अक्षर असते, त्यावरून तपासणीचे वर्ष काढता येते. १९०७ पासून इंग्लंडमध्ये आयात झालेल्या आवरणांवरही तिथलाच छाप बसू लागला, त्यामुळे इंग्रजी छाप म्हणजे इंग्रजी घड्याळ असे धरू नका. स्विस आवरणावर १८८०च्या कायद्यापासून स्त्रीचे मस्तक असेल तर १८ कॅरट आणि खार असेल तर १४ कॅरट. आपल्याकडच्या २२ कॅरटच्या सवयीने या आकड्यांना नाक मुरडू नका. घड्याळाचे आवरण २२ कॅरटचे केले तर बिजागरीच टिकत नाही.

सराफाकडचे कॅरट मोजायचे यंत्र फक्त वरचा थर वाचते. जाड पत्र्याच्या घड्याळाला ते खऱ्या सोन्याचा आकडा दाखवू शकते. कसोटीवर घासायचेच असेल तर आतल्या कडेला, जिथे दिसणार नाही तिथे. वजनाचा हिशेब करताना काच, तबकडी, यंत्र वजा करा आणि क्युव्हेत वेगळी तपासा, कारण सोन्याच्या घड्याळातही ती पुष्कळदा साध्या धातूची असते आणि तसे तिच्यावर लिहिलेलेही असते. समजा सगळे मिळून वजन ८० ग्रॅम आहे आणि निव्वळ सोन्याचे भाग ३० ग्रॅम भरतात. १८ कॅरट म्हणजे ७५० टच, तर शुद्ध सोने साडेबावीस ग्रॅम. ८० ग्रॅमवर भाव लावणारा आणि दहा ग्रॅमवर निकालात काढणारा, दोघांनाही हा हिशेब समोर बसून मांडायला सांगा.

यंत्रावरचा आणि आवरणावरचा नंबर लिहून घ्या. वॉल्थम आणि एल्जिनच्या यंत्राच्या नंबरावरून बनल्याचे वर्ष सापडते. अमेरिकेत यंत्र आणि आवरण वेगवेगळे विकत घेऊन दुकानात एकत्र बसवत, म्हणून दोन नंबर जुळले नाहीत तरी बिघडत नाही. स्विस घड्याळात मात्र नंबर जुळत नसतील, किंवा आवरणाच्या आतल्या कडेला स्क्रूच्या जादा खुणा असतील, तर यंत्र बदललेले असू शकते.

दुरुस्ती आणि वापर

घड्याळजी निवडताना तीन प्रश्न विचारा. सगळे सुटे करून धुणार का? बॅलन्सचा धुरा मोडला असेल तर लेथवर नवा करता येतो का? काढलेले जुने भाग परत देणार का? आख्खे यंत्र पेट्रोलमध्ये बुचकळून तेल सोडून देणारा माणूस स्वस्त पडतो, पण त्याच्याकडे देऊ नका. चांगली कामे करणारे लोक आता थोडे उरलेत आणि बहुतेक वयस्क आहेत. त्यांना वेळ द्या, पैसे द्या, घासाघीस करू नका. देण्याआधी यंत्राचे, तबकडीचे आणि छापांचे फोटो काढून ठेवा.

आवरणाला पॉलिश मात्र करू देऊ नका. पॉलिशने आधी आजोबांच्या नावाची अक्षरे जातात, मग छाप, मग नक्षी. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारख्या अक्षर-आकड्यांच्या खुणा दिसल्या तर त्या पूर्वीच्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी केलेल्या असतात. तोही या वस्तूचा इतिहास आहे. इनॅमलची पांढरी तबकडी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. चांदीसारखी चमकणारी किंवा रंगवलेली तबकडी पुसूच नये, आकडे कापडावर निघून येतात. आकडे हिरवट-पिवळ्या चमकत्या रंगाचे असतील तर त्यात रेडियम असू शकते. असे घड्याळ उघडू नका, रंग खरवडू नका आणि घड्याळजींनाही आधी सांगा.

दुरुस्तीनंतर रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या. अडेपर्यंत सावकाश फिरवायची, अडले की थांबायचे. एक चावी साधारण तीस तास पुरते. पुढे-मागे होत असेल तर बॅलन्सवरची छोटी सुई हलवतात. इंग्रजीत एफ आणि एस, फ्रेंचमध्ये ए आणि आर म्हणजे अनुक्रमे जलद आणि मंद. केसभर हलवणे म्हणजे दिवसाला मिनिटांचा फरक, तेव्हा हे काम घड्याळजींवर सोडलेले बरे. घड्याळ अचानक तासाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले तर हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागून तिचे वेढे एकमेकांना चिकटले असण्याचा संभव असतो. फोन, स्पीकर, चुंबकाच्या टिचकीच्या पर्सपासून ते लांब ठेवा. बाजूला सरकवायची छोटी पट्टी असेल तर ते वेळ वाजवून सांगणारे रिपीटर घड्याळ आहे. दुरुस्तीपूर्वी ती पट्टी ओढू नका, आणि असे घड्याळ सोन्याच्या भावाने तर कधीच देऊ नका.

कोकणपट्टीच्या दमट हवेत गंज हाच मोठा शत्रू. हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसह, मऊ सुती कापडात ठेवा. स्पंज किंवा रबर नको, ते कुजून चिकटतात. शेंडीची कडी ज्या भोकांत बसते ती झिजून सैल झाली असतील तर साखळीला लावण्याआधी सोनाराकडून भरून घ्या, पण यंत्र आधी बाहेर काढूनच.

मुलाबाळांकडे परदेशी पाठवायचे असेल तर एक कायदा लक्षात ठेवा. १९७२च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन आहे. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करा आणि लेखी उत्तर घ्या.

विकायचेच असेल तर दोन जागी दाखवा, आणि त्यातला एक यंत्र ओळखणारा असू द्या. साध्या सिलिंडर घड्याळाला सोन्याच्या किमतीहून फार जास्त मिळणार नाही, हे खरे. पण नावाजलेल्या कारागिराचे, रिपीटर किंवा पंचांग दाखवणारे घड्याळ असेल तर सोन्याचा भाव त्यात नगण्य ठरतो. पाटेक फिलिपने हेन्री ग्रेव्हज या ग्राहकासाठी १९३३ मध्ये पुरे केलेले सोन्याचे खिशातले घड्याळ २०१४ साली जिनिव्हात सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरला गेले. तुमचे तसे नसेल, पण उघडून पाहिल्याशिवाय ते मुशीत टाकू नका. आणि ठेवायचे ठरले तर ते कोणाचे, कोणत्या साली आले, कोणी दुरुस्त केले हे एका कागदावर लिहून आजच त्याच डबीत ठेवा. पुढच्या पिढीला ते सांगणारे माणूस घरात असेलच असे नाही.